पिस्टनच्या वाटीचा हिशेब

पाच अश्वशक्तीच्या ऑइल इंजिनाची माहितीपुस्तिका उघडली की सुरुवातीलाच चार आकडे भेटतात. किर्लोस्करचे ए.व्ही. १ हे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन घेऊ. त्याचे आकडे असे: बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८० मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, ११० मिमी, घनफळ ५५३ घन सेंटिमीटर, आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे संपीडन गुणोत्तर, १६.५.

यातले पहिले तीन आकडे नववीच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र त्यांना येते. त्रिज्या ४ सेंमी, उंची ११ सेंमी. गुणाकार करून ते ५५२.९ पर्यंत पोचतात आणि पुस्तिकेतला आकडा बरोबर आहे म्हणून खूष होतात. मग विचारावे, ‘हे १६.५ कुठून आले?’ इथे वर्ग अडतो. अडणे साहजिक आहे, कारण पहिल्या तीन आकड्यांवरून चौथा काढताच येत नाही. त्यासाठी पिस्टनचा माथा कसा घडवला आहे ते पाहावे लागते, आणि पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तो नेहमी सपाट काढलेला असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे इंजिन शोधायला लांब जावे लागणार नाही. जिल्ह्यातली बहुतेक शेती कोरडवाहू, काळ्या जमिनीतली आणि कपाशीची. जिथे विहीर, नाला किंवा पैनगंगा-अडाणसारखी नदी जवळ आहे तिथे थोडेफार ओलीत होते. विजेचे आणि आता सौर पंप आले, तरी नाल्यावरून पाणी ओढायला खांद्यावरून किंवा बैलगाडीतून नेता येईल असे ऑइल इंजिन अनेक ठिकाणी राखून ठेवलेले दिसते. हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी एक पाणी चुकले तर उत्पन्नात फरक पडतो. नेमके त्याच दिवसांत, पहाटे दहा-बारा अंश तापमान असताना, हे इंजिन हँडल मारून मारून सुरू होत नाही. का होत नाही याची अर्धीअधिक कहाणी त्या १६.५ मध्ये आहे.

आधी व्याख्या. पिस्टन सर्वांत खाली असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन सर्वांत वर असताना उरणाऱ्या जागेने भागायचे. आलेला भागाकार म्हणजे संपीडन गुणोत्तर. पिस्टन ज्या जागेतून फिरतो ते ५५३ घसेंमी. त्याला आपण ‘धावेचे घनफळ’ म्हणू. पिस्टन वर पोचल्यावरही जी जागा शिल्लक राहते ते ‘उरलेले घनफळ’. तेव्हा

संपीडन गुणोत्तर = (धावेचे घनफळ + उरलेले घनफळ) ÷ उरलेले घनफळ

हे सूत्र उलटे फिरवले तर उरलेले घनफळ म्हणजे धावेचे घनफळ भागिले (गुणोत्तर उणे १). आपल्या इंजिनासाठी ५५२.९ ÷ १५.५ = ३५.७ घसेंमी. चहाच्या चमच्यात साधारण पाच घसेंमी मावतात. अर्ध्या लिटरहून जास्त हवा सात चमच्यांएवढ्या जागेत कोंबली जाते, असा याचा अर्थ. प्रश्न एवढाच की ही सात चमचे जागा इंजिनात आहे कुठे?

पाठ्यपुस्तकातला सपाट पिस्टन घेऊन शोधू. पिस्टन वर आला की त्याचा माथा आणि सिलिंडर हेड यांच्यात एक बारीक फट राहते. मिस्त्री लोक तिला बंपिंग क्लिअरन्स म्हणतात. या जातीच्या इंजिनांत ती एक मिलिमीटरच्या आसपास असते. ८० मिमी व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ५०.३ चौसेंमी, म्हणून एक मिमी फटीचे घनफळ फक्त ५ घसेंमी, एकच चमचा! या हिशेबाने गुणोत्तर येईल ५५७.९ ÷ ५.०, म्हणजे जवळजवळ १११. असे इंजिन जगात कुठेच नसेल. उरलेले सहा चमचे आपण विसरलो. ते हेडमध्ये असतील म्हणावे तर या इंजिनाच्या हेडचा तळ सपाट असतो. ते असतात पिस्टनच्या माथ्यात. गॅरेजमधून एखादा टाकून दिलेला डिझेल पिस्टन मागून आणा. त्याच्या डोक्यात मधोमध खोलगट वाटी कोरलेली दिसेल.

आकडेमोडीसाठी ही वाटी अर्धगोल आणि ४९ मिमी व्यासाची धरू. अर्धगोलाचे घनफळ दोन तृतीयांश पाय गुणिले त्रिज्येचा घन. त्रिज्या २.४५ सेंमी, तेव्हा घनफळ ३०.८ घसेंमी. फटीचे ५.० त्यात मिळवले की ३५.८, आणि गुणोत्तर १६.४. पुस्तिकेच्या जवळ आलो. म्हणजे या डिझेल इंजिनात उरलेल्या घनफळाचे सातपैकी सहा हिस्से पिस्टनच्या वाटीत असतात. वाटी मोजली नाही तर गुणोत्तर कळत नाही.

एखादा चौकस विद्यार्थी इथे विचारील, ‘एवढी वाटी कोरण्याचा खटाटोप कशाला? पिस्टन सपाट ठेवून फटच मोठी ठेवली तर?’ प्रश्न फार चांगला आहे. सपाट पिस्टन आणि ७.१ मिमी फट ठेवली तरी उरलेले घनफळ ३५.७ च राहते आणि गुणोत्तर तेच १६.५ येते. कागदावर दोन्ही इंजिने सारखी. प्रत्यक्षात दुसरे बहुधा सुरूच होणार नाही, आणि झाले तर धूर ओकेल.

कारण उष्णतेत आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटावे, ही रुडॉल्फ डीझेलची कल्पना. त्याचे चालणारे इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला तयार झाले. तापलेली हवा थंड धातूला जितक्या कमी ठिकाणी शिवेल तितके बरे. आता पृष्ठफळ काढून पाहा. ८० मिमी व्यासाची आणि ७.१ मिमी जाडीची चकती घेतली तर तिचे एकूण पृष्ठफळ ११८ चौसेंमी भरते, म्हणजे दर घन सेंटिमीटर हवेमागे ३.३ चौसेंमी थंड भिंत. अर्धगोल वाटीचे, वरचे झाकण धरूनही, पृष्ठफळ ५६.६ चौसेंमी, दर घन सेंटिमीटरला १.८. चकतीतली हवा जवळपास दुप्पट वेगाने उष्णता गमावणार. ताटलीत ओतलेला चहा लवकर निवतो आणि गडूतला टिकतो, तोच हा प्रकार. शिवाय सात मिलिमीटरच्या चपट्या जागेत नोझलचा फवारा सोडला तर तो हवेत मिसळण्याआधीच धातूवर आदळेल. वाटीत त्याला मोकळी जागा मिळते.

वाटीचा आणखी एक उपयोग आहे. पिस्टन वर येताना वाटीच्या काठाभोवतीची हवा एक मिमीच्या फटीत चेपली जाते. तिला जायला वाटीखेरीज जागा नसते, म्हणून ती जोराने आत मुसंडी मारते. त्या घुसळणीने इंधन आणि हवा एकजीव होतात. चेपलेल्या हवेच्या या घुसळणीचा पद्धतशीर उपयोग ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात पेट्रोल इंजिनांसाठी केला. आज काही पिस्टनांच्या वाटीच्या तळाशी मधोमध उंचवटा दिसतो, काहींचा काठ आत वळलेला दिसतो. या सगळ्या वाट्यांत ३०.८ घसेंमी तेल मावत असेल, तर सूत्राच्या दृष्टीने त्या एकच आहेत. जळणाच्या दृष्टीने त्या अगदी वेगवेगळ्या आहेत. गुणोत्तर हा आकडा आकाराचे फक्त घनफळ जाणतो, बाकी काही जाणत नाही, हे विद्यार्थ्यांना एकदा स्पष्ट सांगावे.

(जाता जाता: यवतमाळहून मूर्तिजापूरला जी ‘शकुंतला’ ही छोट्या रुळांची गाडी धावत असे, तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले आणि त्या जागी डिझेल इंजिन आले. वाफेच्या इंजिनात जळण सिलिंडरच्या बाहेर, भट्टीत होते. त्यामुळे पिस्टनच्या माथ्याचा आकार तिथे जळणाच्या हिशेबात येत नाही. आग सिलिंडरच्या आत आली आणि हा सगळा प्रश्न जन्मला.)

वर आणि खाली एकच चूक

आता शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग. समजा, मोजताना आपली १.४ घसेंमी चूक झाली. ही चूक धावेच्या घनफळात असेल, म्हणजे ५५२.९ ऐवजी ५५४.३ धरले, तर गुणोत्तर १६.५० चे १६.५४ होते. कुणाच्या लक्षातही येणार नाही. तीच १.४ ची चूक उरलेल्या घनफळात झाली तर ३५.७ चे ३७.१ होतात आणि गुणोत्तर १५.९ वर येते. चूक तेवढीच, परिणाम पंधरा पट. भागाकारात लहान संख्या खाली बसली असली की सगळी काळजी तिच्या मोजणीवर खर्चावी लागते. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘त्रुटीची कारणे’ या मथळ्याखाली वर्षानुवर्षे तीच तीन वाक्ये उतरवणाऱ्या मुलांना त्रुटी कुठे महाग पडते हे दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

हेच गॅरेजच्या भाषेत पाहू. हेडखाली नेहमीपेक्षा अर्धा मिमी जाड गॅस्केट बसले, तर २.५ घसेंमी जागा वाढली. गुणोत्तर १५.५ झाले. स्पेअरच्या दुकानातून बोअर ८० मिमी एवढेच सांगून पिस्टन आणला, तो बसला, रिंगाही नीट बसल्या. पण त्याची वाटी १० घसेंमीने मोठी होती. उरलेले घनफळ ४५.७, गुणोत्तर १३.१. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही इंजिने हुबेहूब सारखी दिसतील.

१६.५ आणि १३.१ यांत एवढे काय बिघडते? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना उष्मागतिकीतले सूत्र येते: दाबल्यावरचे निरपेक्ष तापमान हे आधीच्या तापमानाला गुणोत्तराच्या (न – १) या घाताने गुणल्यावर मिळते. आदर्श रुद्धोष्म दाबणीत हवेसाठी न = १.४. प्रत्यक्षात भिंती उष्णता खातात, म्हणून आपण १.३ घेऊ. पहाटेची हवा १० अंश सेल्सिअस, म्हणजे २८३ केल्व्हिन. गुणोत्तर १६.५ असताना हवा ६५६ केल्व्हिन, म्हणजे सुमारे ३८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि दाब वातावरणाच्या ३८ पट होतो. गुणोत्तर १३.१ असताना तापमान सुमारे ३४० अंश आणि दाब २८ पट. डिझेल तर अडीचशे अंशांच्या आतबाहेर आपोआप पेटते, मग ३४० पुरेत ना? उघड्या भांड्यात पुरतील. इंजिनात मात्र पेटायला फक्त सेकंदाचा काही शतांश भाग मिळतो, आणि हवा जितकी कमी तापलेली व कमी दाबलेली तितका पेटायला उशीर लागतो. हँडल मारताना इंजिन संथ फिरते, म्हणून भिंतींना उष्णता द्यायला आणि रिंगांतून निसटायला हवेला अधिक वेळ मिळतो. मग हे ३४० देखील खरे उरत नाहीत. दुपारी ३५ अंशांत जे इंजिन दोन हँडलांत चालू होते, ते पहाटे घाम काढते.

लिस्टर या ब्रिटिश कंपनीने १९३० च्या सुमारास काढलेल्या सी.एस. इंजिनाच्या नावातच ‘थंडीत सुरू होणारे’ असा अर्थ होता. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत हेडला एक फिरवायची चकली असे. ती बंद केली की जळणकक्षाला जोडलेली एक जादा खोली बंद होई, उरलेले घनफळ घटे आणि गुणोत्तर वाढे. इंजिन सुरू होऊन तापले की चकली उघडायची. चालत्या यंत्रात सूत्राचा छेद हाताने बदलण्याची ही सोय आम्हाला फार देखणी वाटते. राजकोटला पुढे या धर्तीची इंजिने मोठ्या प्रमाणावर बनली आणि ‘लिस्टर टाइप’ म्हणून देशभर विकली गेली.

उलट दिशेनेही मर्यादा आहेत. फट एक मिमीऐवजी अर्धा मिमी ठेवली तर गुणोत्तर १७.७ होईल, इंजिन चटकन सुरू होईल. पण तापल्यावर धातू लांबतो, बेअरिंग झिजल्यावर कनेक्टिंग रॉडला ढिलाई येते, आणि तो अर्धा मिमी संपला की पिस्टन हेडवर किंवा वॉल्ववर ठोकर देतो. त्या आवाजानंतर जो खर्च येतो त्यात नवे हेड येते.

कपाटातल्या तीन वस्तू

हे सर्व मोजायला शाळेत काय हवे? व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज आणि ब्युरेट. तीनही प्रयोगशाळेच्या कपाटात असतात. एरवी एकाने गोळीचा व्यास, दुसऱ्याने तारेची जाडी आणि तिसऱ्याने आम्ल-आम्लारीचे अनुमापन यापलीकडे त्यांना काम नसते. गावातल्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात हेड उतरवलेले इंजिन असते तेव्हा मिस्त्रींना विचारून एक तास मागून घ्यावा. इंजिन थंड असावे. बिडी-काडी आणि स्टोव्ह दूर ठेवावेत, कारण आपण रॉकेल वापरणार आहोत.

बोअर व्हर्नियरने मोजा, दोन काटकोनी दिशांना. झिजलेल्या सिलिंडरात दोन्ही मापे सारखी येत नाहीत, हेही शिकण्यासारखे आहे. स्ट्रोक व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या पट्टीने किंवा साध्या मोजपट्टीने काढा. त्यात अर्धा मिमी चुकले तरी फारसे बिघडत नाही, हे आपण वर पाहिले.

फटीसाठी शिशाची बारीक मऊ तार लागते. ही युक्ती मिस्त्रींचीच आहे. तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या सपाट काठावर ग्रीसने चिकटवा, हेड गॅस्केटसह नीट आवळा आणि क्रँक हाताने एकदा सावकाश फिरवा. हेड काढल्यावर तार चपटी झालेली मिळते. तिची जाडी स्क्रू गेजने मोजा. आवळल्यावर गॅस्केट किती दबले, हा प्रश्नच यात उरत नाही. उत्तर तारेत आयते मिळते. शिशाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

वाटीसाठी ब्युरेट. पिस्टनचा माथा पुसून कोरडा करा, वाटीच्या काठाला व्हॅसलीनचा पातळ हात द्या आणि त्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची सपाट चकती दाबून बसवा. चकतीला दोन छिद्रे हवीत, एक रॉकेल ओतायला आणि दुसरे हवा निघायला. ब्युरेट शून्यावर भरून थेंबथेंब सोडा. शेवटचा बुडबुडा छिद्राखाली येऊन निघून गेला की वाचन घ्या. पाणी का नको? पाण्याचे पृष्ठताण जास्त, त्यामुळे बुडबुडे कोपऱ्यात चिकटून बसतात. शिवाय लोखंडी लायनरला गंज चढतो. सोबत एका विद्यार्थ्याला वाटीचा व्यास व खोली मोजून सूत्राने घनफळ काढायला सांगा. व्यासात अर्धा मिमीची चूक झाली तर घनफळ जवळजवळ एक घसेंमीने आणि गुणोत्तर ०.४ ने चुकते. ब्युरेट ०.१ मिलीपर्यंत वाचता येते, तिची चूक गुणोत्तरात ०.०४ एवढीच उमटते. शिवाय वाटी खरोखर अर्धगोल आहे की तळाशी चपटी, याच्याशी ब्युरेटला देणेघेणे नसते.

पेट्रोलच्या मोटारसायकलीत कोडे उलटे होते. तिथे बहुतेक उरलेली जागा हेडच्या पोकळीत असते आणि पिस्टनचा माथा कधी सपाट, कधी फुगीर असतो, वर वॉल्वसाठी कोरलेल्या खाचा. फुगवटा जागा खातो, तेव्हा तो वजा करायचा. फुगवट्याचे घनफळ कसे काढावे? ५० मिमी बोअर आणि ४९.५ मिमी स्ट्रोकच्या शंभर सीसी इंजिनाचे उदाहरण घेऊ. पिस्टनच्या माथ्याची कड सिलिंडरच्या तोंडापासून बरोबर १० मिमी खाली न्या. कडेची फट ग्रीसने बुजवा. वर चकती लावून ब्युरेटने भरा. फुगवटा नसता तर १९.६ मिली रॉकेल मावले असते. समजा १८.२ मिलीच मावले, तर १.४ घसेंमी फुगवट्याने अडवले. खाचा, उंचवटे सगळे यात आपोआप धरले गेले. आर्किमिडीजने मुकुटाचे घनफळ सांडलेल्या पाण्यावरून काढले म्हणतात. इथे न मावलेल्या रॉकेलवरून आपण पिस्टनचे काढले.

पुढे, हेड उलटे धरून, स्पार्क प्लग आणि वॉल्व जागेवर ठेवून, त्याची पोकळी १२.० मिली भरली असे धरू. आवळल्यावर ०.८ मिमी जाड राहणाऱ्या गॅस्केटच्या छिद्राचे १.६. पिस्टनची कड वरच्या टोकाला सिलिंडरच्या तोंडाशी समपातळीत येते असे माना. उरलेले घनफळ १२.० + १.६ – १.४ = १२.२, धावेचे ९७.२, आणि गुणोत्तर ९.० च्या आसपास. फुगवटा विसरलात तर ८.१. तो वजा करण्याऐवजी मिळवलात तर ७.५. डिझेलच्या वाटीला अधिक चिन्ह आणि पेट्रोलच्या फुगवट्याला उणे, एवढे फळ्यावर मोठे लिहून ठेवावे.

मग सगळे पेट्रोल पिस्टन उंच फुगीर करून गुणोत्तर वाढवत का नेत नाहीत? वाढवले तर आदर्श कार्यक्षमता वाढते हे खरे: ६.५ ला सुमारे ५३ टक्के, ९ ला ५८. (प्रत्यक्षात मिळते ती याच्या निम्म्याच्या आसपास.) पण पेट्रोल हवेत आधीच मिसळलेले असते. फार दाबले तर ज्योत पोचण्याआधीच दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण स्वतःहून पेटते आणि इंजिन टकटक करते. उंच फुगवटा ही टकटक वाढवतो, कारण जळणकक्ष संत्र्याच्या सालीसारखा वाकडा आणि लांबट होतो आणि ज्योतीला वळसा घालावा लागतो. म्हणून अलीकडच्या इंजिनांत हेडच घट्ट आणि छपरासारखे उतरते करून पिस्टन जवळजवळ सपाट ठेवण्याकडे कल दिसतो.

‘कॉम्प्रेशन गेलं’ म्हणजे काय

मिस्त्री हँडल फिरवून पाहतात आणि म्हणतात, ‘याचं कॉम्प्रेशन गेलं.’ विद्यार्थ्याने लगेच असे समजू नये की संपीडन गुणोत्तर घटले. लायनर घासून बोअर ८० चे ८०.२ मिमी झाले असे धरा. धावेचे घनफळ ५५२.९ वरून ५५५.७ होते, गुणोत्तर उलट किंचित वाढून १६.६ येते! आकड्यानुसार इंजिन पूर्वीपेक्षा बरे व्हायला हवे. गेलेले असते ते वेगळेच: दाब. रिंग आणि लायनर यांच्या फटीतून किंवा न बसणाऱ्या वॉल्वमधून हवा निसटते. गुणोत्तर ही जागांची तुलना आहे, ती सांगते की हवा सगळी आत राहिली तर काय होईल. ती राहते की नाही याची हमी ते देत नाही. इंजिन हवा घेते तेव्हाही अशीच गोम असते. पिस्टन तळाला पोचून वर निघाल्यावर काही वेळाने आत घेणारा वॉल्व बंद होतो, म्हणून खरी दाबणी पूर्ण ११० मिमीत होतच नाही. टू-स्ट्रोक गाडीत तर एक्झॉस्टची खिडकी झाकली जाईपर्यंत दाबणी सुरूच होत नाही. त्यामुळे जपानी कंपन्या टू-स्ट्रोकचे गुणोत्तर खिडकी बंद झाल्यापासून मोजत, आणि युरोपातल्या पूर्ण धाव धरून. दोन पुस्तिकांतल्या आकड्यांची तुलना करताना हे पाहावे लागते.

तेव्हा पहाटे अडून बसलेल्या इंजिनापुढे दोन प्रश्न येतात. गॅस्केट, पिस्टन, हेड यांपैकी काही नुकतेच बदलले आहे का? असेल तर तार आणि ब्युरेट घेऊन उरलेले घनफळ मोजावे. काहीच बदललेले नसेल तर गळती शोधावी. तिची जुनी कसोटी अशी: हवा आत घेण्याच्या वाटेने सिलिंडरमध्ये चमचाभरच इंजिन ऑइल सोडायचे आणि डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून दोन-चार फेरे द्यायचे, म्हणजे ते कडेने पसरते. वाटीत मावते ३०.८ घसेंमी, तेव्हा चमच्याहून जास्त तेल ओतणे धोक्याचे. द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग लिव्हर खाली सोडून हँडल मारावे. हँडल एकाएकी जड लागू लागले तर तेलाने रिंगांची फट बुजवली. म्हणजे लायनर, पिस्टन आणि रिंगांचा पूर्ण संच घेण्याची वेळ आली आहे. हँडल पूर्वीइतकेच हलके राहिले तर हवा वॉल्वमधून जाते आहे. तिथे वॉल्व घासून बसवण्याची मजुरी आणि गॅस्केटची किंमत, एवढ्यात काम भागते.